गावाची राखण: नगर जिल्ह्यातील हत्यारबंद पहारा आणि त्याची जबाबदारी

दुसऱ्याचा जीव आणि माल वाचवण्यासाठी हत्यार उचलणे हे दख्खनच्या गावांत एकेकाळी नेमून दिलेले काम होते. आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या मुलखातही पेशवाईच्या काळात गावाचा बंदोबस्त पाटलाकडे असे आणि त्याच्या हाताखाली जागल्या राबे. जागल्याचे काम बहुधा रामोशी किंवा भिल्ल घराण्यांकडे चालत आलेले असे. रात्री गावात फेरी मारणे, कोण आले-गेले यावर नजर ठेवणे आणि गावात उतरलेल्या परक्या माणसाची खबर पाटलाला देणे, हा त्याचा नित्यक्रम. वेशीवर आणि शिवेवर महारांची मदत असे. पहाऱ्यावरच्या माणसाजवळ तलवार, भाला किंवा तिरकमठा असे. मोबदला धान्याच्या वाट्यातून किंवा इनाम जमिनीतून मिळे.

या व्यवस्थेचा कणा हत्यारापेक्षा जबाबदारीत होता. चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन तिथल्या जागल्याला दाखवून दिला की जबाबदारी त्या गावावर जाई, आणि तिथून पुढच्या. माग आपल्याच शिवेत विरला तर नुकसान जागल्याने आणि त्याची ऐपत नसेल तर गावाने भरून द्यायचे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी 1819 मध्ये जो अहवाल दिला, त्यात गावाच्या या उत्तरदायित्वाचे वर्णन आहे. शिवेत झालेल्या चोरीची झळ गावालाच बसत असल्यामुळे लुटला गेलेला माणूस कुणाचा कोण, हा विचार मागे पडे. राखणाऱ्याने काय केले याचा जाब विचारणारे कुणी होते आणि कुचराईची किंमत ठरलेली होती, हेच या पद्धतीचे खरे बळ म्हटले पाहिजे.

तिची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्यांच्या हाती राखण, त्यांच्यावरच संशय, असा प्रकार इंग्रजी अमलात वाढत गेला. हक्क आकसले, जंगले आणि जमिनी हातच्या गेल्या. पुढे गुन्हेगार जमातींच्या कायद्याने संपूर्ण जातींवर जन्मतःच शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. पिढ्यान्‌पिढ्या गावे राखणारा रामोशी समाज आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. या अन्यायाची भरपाई कुठल्याही कायद्याने पुरती केलेली नाही.

1862 पासून भारतीय दंडविधान लागू झाले आणि राखणीचा आधार बदलला. कलम 97 ने स्वतःच्या शरीराबरोबर दुसऱ्या कुणाच्याही शरीराचा बचाव करण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. त्यात नात्याची, जातीची किंवा गावाची अट नव्हती. मात्र ते पूर्वीसारखे कर्तव्य नव्हते, केवळ मुभा होती. कलम 99 ने तिला मर्यादाही घातली: सरकारी यंत्रणेची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागते त्याहून अधिक इजा करता येत नाही. 1867 च्या ग्राम पोलीस कायद्याने पाटलाला सरकारी चौकटीत बसवले. 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगण्यावर बंदी आणली. दुसऱ्याला वाचवण्याचा हक्क सर्वांना आणि हत्यार मोजक्यांना, अशी स्थिती तेव्हापासून आहे.

जुन्या राखणीची मर्यादा 1875 च्या दख्खनच्या दंग्यांत उघडी पडली. मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्यापासून सुरू झालेला उठाव पारनेर, श्रीगोंदे भागात पोचला. सावकारांच्या घरांत शिरून कर्जखते जाळणारे शेतकरी बहुतेक गावातलेच होते आणि ज्यांच्यावर रोख होता ते मारवाडी, गुजराती सावकार गावाच्या लेखी बाहेरचे. बाहेरून येणाऱ्या चोरासाठी घडलेली व्यवस्था गावच उठल्यावर काय करणार? बंदोबस्तासाठी लष्कर आणावे लागले. शेतकऱ्यांची कर्जाची पिळवणूक खरी होती, पण परक्याच्या रक्षणाची कसोटीही अशाच वेळी लागते.

स्वातंत्र्यानंतर वतने गेली. 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटील हे नेमणुकीचे पद झाले. मुंबई पोलीस कायद्यात ग्रामरक्षक दलांची तरतूद झाली. त्यांचा गस्तीचा भर काठी, शिट्टी आणि बॅटरीवर राहिला. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली पीकसंरक्षणासाठी शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो, पण अशा बंदुका थोड्या. पाथर्डी तालुक्यातील कोठेवाडीवर जानेवारी 2001 मध्ये दरोडेखोरांनी रात्री हल्ला करून लूट, मारहाण आणि स्त्रियांवर अत्याचार केले. एकाकी वस्तीपर्यंत मदत पोचायला लागणारा वेळ किती जीवघेणा ठरतो, हे त्या रात्रीने दाखवले. अशा ठिकाणी शेजाऱ्याने धावून जाणे हा कायद्याने मान्य केलेला आणि माणुसकीला धरून असलेला मार्ग आहे.

उलट टोक धुळे जिल्ह्यात दिसले. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. तिथे गुन्हा घडत नव्हता आणि माग कुणी काढला नव्हता. ज्यांना वाचवायला हवे होते ते परकेच बळी पडले. जमावातल्या कुणाकडेही जागल्यासारखी नाव घेऊन सांगता येईल अशी जबाबदारी नव्हती.

1 जुलै 2024 पासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. परक्याच्या बचावाचा हक्क आणि त्याच्या मर्यादा तिच्यात कायम आहेत. सोबतच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे आपल्यासमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला कुणीही पकडू शकतो, पण विनाकारण विलंब न लावता, सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात दिले पाहिजे.