घर कोणी बांधले?



आपल्या समाजाचा इतिहास सांगताना आपण बहुधा प्रार्थनालयांच्या सनावळीपासून आरंभ करतो. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत शाआर हारहमीम बांधले, १८४८ साली अलिबागेस मागेन आबोथ उभे राहिले, १८४९ साली पनवेलीस बेथ एल. या तारखा आपल्या मुलांनाही पाठ असतात, कारण त्या शिलालेखांत आहेत, दरसाल उच्चारल्या जातात. घरांवर मात्र कोणी सन कोरला नाही. म्हणून आज मी घरांविषयी बोलणार आहे.

१७९६ पूर्वी आपल्या लोकांनी कोकणात कित्येक शतके काढली, ती घरांच्याच आधाराने. सुंता, लग्न, मयताचे विधी, शनिवारचा विसावा, अनासी धाकाचा सण, आणि मुखोद्गत उरलेली शेमाची प्रार्थना, हे सारे झाले कुठे? कोणाच्या तरी ओटीवर आणि माजघरात. आपली आडनावे पाहा. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, झिराडचे झिराडकर. अशी शंभराहून अधिक गावांची नावे आपण आजही बेर शेवात आणि दिमोनात मिरवतो. पण एकेका गावात आपली घरे किती? कुठे एक, कुठे दोन, क्वचित चार. तेलाचा घाणा चालवणाऱ्याला एका गावात फार प्रतिस्पर्धी परवडत नाहीत, म्हणून आपण पसरलो. त्यामुळे घर बांधायची वेळ आली की नातलग शेजारून येत नसत, दुसऱ्या गावाहून चालत किंवा खाडीतून होडीने येत. जे घर उभे राहायचे त्यात पुढे त्यांच्याही मुलांची लग्ने लागायची, मलिदा व्हायचा, वाटेत शाब्बाथ गाठला तर मुक्काम पडायचा. एका अर्थाने ते आपलेच घर बांधायला येत.

मराठी भाषेने मात्र या नात्यावर मोठा अन्याय केला आहे. भाऊबंद हा शब्द किती गोड, आणि त्याच्यापासून झालेला भाऊबंदकी हा शब्द केवढा कडू! घर बांधताना भाऊबंद आणि वाटणी करताना भाऊबंदकी. या दोन्ही शब्दांचा अनुभव आमच्या कुटुंबाने घेतला आहे, म्हणून आमच्याच घराची हकीकत सांगतो. ती मोठी नाही. परंतु तिचा कागदोपत्री पुरावा आहे, आणि असा पुरावा आपल्या लोकांत दुर्मिळ.

माझे आजोबा फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत निघाले आणि आपल्यातल्या पुष्कळ पेन्शनरांप्रमाणे गावी परतले. रोह्याजवळच्या आमच्या खेड्यात १९२६ साली त्यांनी घर बांधले. फौजेची शिस्त अंगात मुरलेली, म्हणून बांधकामाची एक वही ठेवली. माझे वडील १९६३ साली इस्राएलला आले तेव्हा ती वही ट्रंकेच्या तळाशी, प्रार्थनेच्या पुस्तकांखाली आली. ती मोडी लिपीत आहे. वडिलांना मोडी अडखळत येई, मला मुळीच येत नाही. पुढे गावी गेलो असता तिथल्या एका निवृत्त कारकुनाने ती मला दोन दुपारी वाचून दाखवली, आणि मी ती बाळबोधीत उतरवून घेतली.

वहीचे दोन भाग आहेत. पहिल्यात रोख खर्च. पायाचा काळा दगड, जांभ्याचे चिरे, चुना, सुताराची मजुरी, कौले. आपल्याकडे जुनी माणसे सांगतात की सारे घर नातलगांनी बांधले. तसे कोठेच झालेले नाही. सुतार गावचा होता, नळीची कौले कुंभाराने भाजली, चिरे गाडीवानांनी आणले, माती कालवायला आगरी आणि कातकरी मजूर होते. त्यांची नावे वहीत मजुरीपुढे आहेत. आपण हकीकत सांगताना त्यांना गाळतो, हे बरे नाही.

दुसरा भाग नातलगांचा. त्यात पैसा जवळजवळ नाही. आहेत त्या वस्तू आणि दिवस. ‘अष्टमीचे मेव्हणे, ऐनाचे वासे ९.’ ‘थोरली बहीण, तांदूळ २ मण, स्वतः ११ दिवस.’ ‘चुलतभाऊ, बैलजोडी, ६ दिवस.’ अशा ४१ नोंदी आहेत. आणि प्रत्येक शनिवारच्या जागी, मजुरीच्या भागातही, नुसती एक आडवी रेघ. त्या दिवशी कोणी काम केले नाही आणि कोणाकडून करवूनही घेतले नाही. घाणा बंद ठेवणाऱ्या शनिवार तेल्यांच्या वंशजाने फौजेत आयुष्य काढूनही ती रेघ ओढायचे सोडले नव्हते.

कोकणात या देवघेवीला सावड म्हणतात. आज तुझ्या शेतावर माझे बैल, उद्या माझ्या शेतावर तुझे. सावडीत व्याज नसते आणि पैशात हिशेब करणे असभ्य मानतात. पण हिशेब नसतो असे मात्र नव्हे. आजोबांच्या ४१ नोंदींपैकी २९ नोंदींपुढे नंतरच्या शाईने ‘फिटले’ असे लिहिलेले आहे. बहिणीच्या मुलाचे घर झाले तेव्हा आजोबा तिथे ११ दिवस राबून आले. बैलजोडीचे सहा दिवस नांगरटीत फिटले. बारा नोंदी कोऱ्या राहिल्या.

वहीत न आलेले कामही सांगितले पाहिजे. जमीन स्त्रियांनी केली. माती अंथरून, पाणी शिंपडून, चोपण्याने चोपून चोपून ती काळ्या पाटीसारखी गुळगुळीत करायची आणि मग शेणाने सारवायची. माझी आत्या सांगे की आठ बायका ओळीने बसून चोपत, आणि चोपण्यांच्या तालावर गाणी चालत. आजोबांनी हे दिवस मांडले नाहीत. बायकांचे दिवस मोजायची त्यांना सवय नव्हती, एवढेच म्हणता येईल.

घर पुरे झाल्यावर घरभरणीला मलिदा झाला. पोहे, गूळ, खोबरे, फळे, आणि एलियाहू हन्नाबीचे नाव. देवारीमच्या विसाव्या अध्यायात लढाईपूर्वी अधिकारी विचारतात की ज्याने नवे घर बांधले पण त्यात प्रवेश केला नाही असा कोणी आहे काय. त्याने परत जावे. आजोबांना हे वचन फार प्रिय होते, असे वडील सांगत. हवालदाराला ते का प्रिय असावे, हे निराळे सांगायला नको.

कोकणातल्या घराचे बांधकाम मात्र घरभरणीने संपत नाही. दर वैशाखात, पाऊस सुरू होण्याआधी, शाकारणी करावी लागते. वानरांनी आणि वाऱ्याने सरकलेली कौले उतरवायची, फुटकी काढायची, रिपा आणि वासे तपासायचे, पुन्हा सारे चढवायचे. एक वर्ष चुकले तर माजघरात गळती, तीन वर्षे चुकली तर वासे कुजतात, आणि त्यानंतर चिऱ्याच्या भिंतींतली माती वाहू लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

मुंबईविषयी थोडक्यात सांगतो. तिथे आपल्यातले कित्येक सुतार आणि गवंडी होते. त्यांनी इतरांच्या इमारती बांधल्या आणि स्वतः चाळीतल्या एका खोलीत राहिले. बांधायला घरच नव्हते, तेव्हा मदतीचे रूप बदलले. गावाहून शिकायला किंवा नोकरीला आलेला भाचा, पुतण्या, मेव्हण्याचा मेव्हणा त्या एका खोलीत उतरायचा आणि वर्षानुवर्षे राहायचा. अष्टमीच्या मेव्हण्यांची मुले अशीच मुंबईस गेली. त्यांनी कधी घर बांधले नाही, म्हणून नऊ वासे फेडायचा प्रसंगच आला नाही. कोऱ्या राहिलेल्या बारा नोंदींतली ती पहिली.

इस्राएलमध्ये आल्यावर आम्हांला ४८ चौरस मीटरची सदनिका मिळाली, सरकारने बांधलेली. वडिलांना तिचे कौतुक होते, पण एक गोष्ट त्यांना खटके. एका सकाळी किल्ली हातात आली, दार उघडले, आणि त्या घराला कोणाचाही हात लागलेला नव्हता. मेझुझा ठोकण्यापुरतेच काम उरले होते, असे ते म्हणत. सत्तरच्या दशकात सरकारने ‘बने बेतखा’, म्हणजे ‘आपले घर बांध’, ही योजना काढली. भूखंड सरकारी जमीन प्रशासनाकडून ४९ वर्षांच्या पट्ट्याने, बांधकाम ज्याचे त्याने करायचे. आमच्या नेगेवमधल्या गावात मी असा भूखंड घेतला आणि १९८४ साली काम काढले.

ते वर्ष ज्यांना आठवते ते हसतील. महागाई वर्षाला ४०० टक्क्यांच्या वर गेली होती. आज विचारलेला सळ्यांचा भाव पुढच्या आठवड्यात उपयोगाचा नसे. रोकड ठेवणे म्हणजे उन्हात बर्फ ठेवणे. तेव्हा एका मामांनी सल्ला दिला की पैसे साठवू नकोस, वस्तू साठव. मग ज्याच्याकडे पगार हाती यायचा तो त्याच दिवशी माझ्यासाठी ब्लॉक, सळ्या, सिमेंट यांपैकी जे मिळेल ते घेऊन भूखंडावर टाकायचा. रामलेच्या मेहुण्याने फरशी घेतली, लोदच्या मावसभावाने नळ. आजोबांच्या वहीसारखाच तो हिशेब झाला. पैशाला किंमत नव्हती म्हणून वस्तू आणि दिवस. बँकेने मशकांतासाठी जामीनदार मागितले, ते चौघेही नातलग. आपल्या पगारावर दुसऱ्याच्या कर्जाची सही करणे हे ऐनाचे नऊ वासे देण्याहून लहान काम नाही.

सांगाडा कंत्राटदाराने उभा केला. आतले काम शुक्रवारी चाले, दुपारपर्यंत. वीज बसवायला दिमोनाहून एक जण येई, वडिलांच्या ओळखीचा, दूरच्या नात्यातला. पाच शुक्रवार आला, एक शेकेलही घेतला नाही. गिलावा करणाऱ्या माझ्या चुलतभावाने दारासमोरच्या भिंतीवर हातभर लांब, हातभर रुंद असा चौकोन उघडा ठेवला, बेथ हामिक्दाशच्या विध्वंसाची आठवण म्हणून. कोकणातल्या आमच्या घरात ही चाल नव्हती. इथे येऊन शिकलो. शेजाऱ्यांना वाटले की सिमेंट संपले. त्या वर्षी तसे वाटणे स्वाभाविकच होते.

वही वाचून घेतली ती यानंतर दहा वर्षांनी. तेव्हा कळले की विजेचे काम करणारा हा गृहस्थ अष्टमीच्या मेव्हण्यांचा नातू. म्हणजे त्याचे आम्ही देणे होतो, आणि वर त्याचे पाच शुक्रवार चढले! त्याला वहीतली ओळ दाखवली तर तो इतका हसला की त्याला बसावे लागले. पुढे त्याच्या मुलीने घर घेतले तेव्हा जामीनदार म्हणून मी सही केली, आणि बाळबोधीतल्या माझ्या प्रतीत त्या ओळीपुढे ‘फिटले’ असे लिहिले.

आता कडू शब्दाकडे येतो. आजोबांमागे तीन मुलगे आणि दोन मुली. दोन मुलगे इस्राएलला आले, एक गावी राहिला. मुंबईच्या इतक्या जवळची जमीन, तेव्हा रायगड जिल्ह्यात भाव चढले आणि पत्रे येऊ लागली. भारतात यहुद्यांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. हिंदू एकत्र कुटुंबाचे नियम आपल्याला लागू नाहीत, आणि मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा. तेव्हा आत्यांच्या वारसांचाही हक्क होता, आणि तो आमच्यापैकी काहींना नव्याने कळला. इतकेच नव्हे, तर ज्यांच्या आजोबांनी वासे किंवा बैल दिले होते अशा एक-दोघांनीही विचारणा केली की आमचे लाकूड त्या घरात आहे, त्याचे काय.

मी त्यांना वही दाखवली. सावडीने दिलेले सावडीने फिटते. त्यातून वाटा निर्माण होत नाही. आजोबांनी ‘फिटले’ लिहिले ते याचसाठी, असे माझे मत आहे. परंतु शाकारणीचे तसे नाही. गावी राहिलेल्या काकांनी आणि त्यांच्यामागे त्यांच्या मुलांनी साठ वैशाख ते छप्पर उतरवले आणि चढवले. आमच्या नावाने आम्ही एकही कौल फिरवले नव्हते. कायद्याने आम्ही वारस होतो खरे; पण ते घर आज उभे आहे ते १९२६ च्या बांधकामामुळे नव्हे, या साठ बांधकामांमुळे. इथल्या आम्हा भावंडांनी तेल अवीवच्या भारतीय दूतावासात जाऊन मुखत्यारपत्रावर सह्या केल्या आणि हक्कसोडपत्र गावी पाठवले. आत्यांच्या वारसांपैकी तिघांनी सह्या केल्या. एकाने केली नाही, आणि ते घराणे आमच्या लग्नकार्याला अजून येत नाही. त्यांचीही बाजू आहे. आत्येने त्या घराची जमीन चोपली होती आणि ते दिवस कोणी मांडले नव्हते.

कोऱ्या बारा नोंदींपैकी अकरांचे वंशज मला इथे, मुंबईत किंवा ठाण्यात सापडले आहेत. कोणाकडे जाऊन आलो, कोणाच्या उपयोगी पडलो, कोणी नुसता चहा पाजून परत पाठवले. एक उरली आहे. ‘पेझारीचा गवंडी, नात्याने मावसभाऊ, चारही कोपरे त्याने धरले, दिवस १७.’ नाव लिहिलेले नाही. १९२६ साली पेझारीहून आमच्या गावी गवंडीकामाला गेलेल्या पूर्वजाची आठवण आपल्यापैकी कोणाच्या घरी असेल, तर त्यांनी आज प्रार्थनेनंतर मला भेटावे. वही सोबत आणली आहे.