आधी प्रश्न, मग पाया

मोठ्या बांधकामाचा इतिहास लिहिताना आपण पायाभरणीच्या तिथीपासून आरंभ करतो. वास्तविक तो आरंभ त्याही अगोदर, कोणकोणत्या गोष्टींची चौकशी करावयाची हे ठरते तेथे शोधावयास हवा.

नर्मदेवरील धरणाची कोनशिला पंडित नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ रोजी नवागाम येथे बसविली. पाणीवाटपाच्या तंट्याचा निवाडा लवादाने १९७९ साली दिला आणि जागतिक बँकेचे कर्ज १९८५ साली मंजूर झाले. पर्यावरणविषयक परवानगी मात्र १९८७ साली मिळाली, आणि तीही सशर्त. पाणलोट क्षेत्र, वने, पुनर्वसन यांसंबंधीचे अभ्यास अपुरे होते. ते बांधकामाच्या जोडीने पुरे करावेत असे ठरले. म्हणजे भिंत आणि तिच्या परिणामांचा विचार यांची शर्यत लागली. अशा शर्यतीत कोण जिंकतो, हे मणिबेलीसह महाराष्ट्रातील ३३ गावांना विचारावे.

बँकेने नेमलेल्या स्वतंत्र समितीने १९९२ साली या उणिवांवर नेमके बोट ठेवले. तिचे अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स व उपाध्यक्ष थॉमस बर्जर. हे बर्जर नवखे नव्हते. कॅनडात मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून वायुवाहिनी नेण्याचा बेत झाला, तेव्हा १९७४ साली त्यांच्याकडे चौकशी सोपविण्यात आली. त्यांनी प्रथम प्राथमिक बैठका घेऊन चौकशीची व्याप्ती कोणती असावी हेच लोकांना विचारले. आदिवासी संघटनांना तयारीसाठी पैसा मिळवून दिला. मग ३५ वस्त्यांत स्वतः जाऊन साक्षी ऐकल्या. तेव्हा एक फूटही नळ पुरलेला नव्हता. म्हणूनच आदिवासींच्या हक्कांचा निकाल लागेपर्यंत खोऱ्यातील काम १० वर्षे थांबवा, असे १९७७ साली सांगणे त्यांना शक्य झाले. नर्मदेकाठी तेच बर्जर आले, ते काम पुष्कळ पुढे गेल्यावर. माणूस एकच, वेळ चुकली होती.

अमेरिकेने १९७८ च्या नियमांत अभ्यासाची व्याप्ती जनतेच्या सहभागाने आरंभीच ठरविण्याची पायरी घातली. आपल्याकडेही २००६ च्या अधिसूचनेत व्याप्तिनिश्चितीला स्थान मिळाले. परंतु ती तज्ज्ञांच्या समितीकडे राहिली, आणि जनसुनावणीचा क्रम अहवालाचा मसुदा तयार झाल्यानंतरचा. ज्याला नदीचा पूर, गुरांचे पाणवठे आणि मासळीचा हंगाम ठाऊक, त्याला उत्तरे लिहून झाल्यावर बोलवावयाचे, हा क्रमच आम्हांस उलटा वाटतो. गावकऱ्यांचे बोलणे प्रश्न ठरतानाच ऐकले पाहिजे. त्यासाठी काही महिने गेले तर जावोत. बुडालेले गाव पुन्हा वर काढता येत नाही.