कॉलेज बदलण्याची मुभा

अमेरिकेत मार्च-एप्रिलमध्ये विद्यापीठीय बास्केटबॉलचा हंगाम आटोपला की शेकडो महिला खेळाडू दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी नाव नोंदवतात. त्यांत कृष्णवर्णीय मुलींची संख्या मोठी असते. ही पैशाच्या नव्या जमान्याची तऱ्हा, असे सहज म्हटले जाते. पण तिचा माग काढत आपण मागे निघालो, तर थेट 1939च्या अलाबामात पोचतो.

तेव्हा दक्षिणेत गोऱ्यांची मैदाने आणि विद्यापीठे कृष्णवर्णीयांना बंद होती. जॉर्जियातल्या ऑल्बनी गावची ॲलिस कोचमन अनवाणी धावे आणि काठ्या-दोऱ्या बांधून उंच उडीचा सराव करी. त्या वर्षी ती अलाबामातल्या, कृष्णवर्णीयांच्या टस्कीगी संस्थेत आली. तिथल्या मुलींच्या संघाने 1937 मध्येच मैदानी खेळांचे राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले होते. टस्कीगीत शिवणकामाचे शिक्षण संपवून ती पुढे गावच्या ऑल्बनी स्टेट कॉलेजात गेली. 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 1.68 मीटर उडी मारून ती सुवर्णपदक जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली, तेव्हा ती याच दुसऱ्या कॉलेजची विद्यार्थिनी होती. पदक राजे सहावे जॉर्ज यांनी दिले. गावच्या सत्कारात मात्र गोऱ्या महापौरांनी तिच्याशी हस्तांदोलनही केले नाही. 1949 मध्ये तिने गृहशास्त्राची पदवी घेतली. कॉलेज बदलता आले खरे, पण कृष्णवर्णीयांच्या संस्थांच्या कुंपणातच.

1972 साली ‘टायटल नाइन’ कायदा आला आणि सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी झाली. त्या काळी महिलांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ‘एआयएडब्ल्यू’ ही स्त्रियांनीच चालवलेली संघटना भरवत असे. कॉलेज बदललेल्या मुलीला ती लगेच मैदानात उतरू देई. 1982च्या सुमारास पुरुषांच्या ‘एनसीएए’ने हा कारभार गिळंकृत केला आणि बास्केटबॉलला जुना पुरुषी नियम लागू झाला: विद्यापीठ बदललेस तर वर्षभर सराव कर, सामने बघ, खेळू नकोस. बास्केटबॉलपटू शेरिल स्वूप्स टेक्सास विद्यापीठातून काही दिवसांतच घरच्या ओढीने परतली, ती घराजवळच्या साउथ प्लेन्स या दोन वर्षांच्या कॉलेजात. तिथून, वर्षभर थांबावे न लागता, टेक्सास टेकला जाऊन 1993च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिने एकटीने 47 गुण केले आणि विजेतेपद आणले. छोट्या कॉलेजची ही आडवाट अनेकींना तारून गेली.

खरी कलाटणी ऑक्टोबर 2018ची. तोवर दुसऱ्या प्रशिक्षकाशी बोलायलाही जुन्या विद्यापीठाची परवानगी लागे. ‘ट्रान्सफर पोर्टल’ आले आणि परवानगीच्या जागी नुसती सूचना पुरेशी झाली. खेळाडूने कळवले की कामकाजाच्या दोन दिवसांत विद्यापीठाने तिचे नाव यादीत चढवायचे. 2021 मध्ये पहिल्या बदलीसाठी वर्षभर थांबण्याची अट गेली, त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावण्याची मोकळीक मिळाली, आणि 2024 मध्ये बदल्यांच्या संख्येचे बंधनही उठले. फळ लगेच दिसले. 2023 मध्ये लुइझियाना स्टेटने राष्ट्रीय विजेतेपद जिंकले, ते मेरीलँडहून आलेली एंजल रीस आणि तिसऱ्या विद्यापीठात खेळत अंतिम सामन्यात 22 गुण करणारी जॅस्मिन कार्सन यांच्या बळावर. पुढच्या वर्षी 38 पैकी 38 सामने जिंकणाऱ्या साउथ कॅरोलिनात सिरॅक्यूजहून आलेली ब्राझीलची कमिला कार्डोसो आणि ओरेगनहून आलेली, सामोअन वंशाची टेहिना पाओपाओ होत्या.

या मुभेला दुसरी बाजूही आहे. पोर्टलमध्ये नाव घातले की जुने विद्यापीठ पुढच्या सत्राची शिष्यवृत्ती थांबवू शकते, आणि नवी जागा मिळेलच याची हमी नसते. आधीच्या अभ्यासक्रमाचे सगळेच श्रेयांक नव्या ठिकाणी धरले जात नाहीत. व्यावसायिक महिला लीगमध्ये जागा दोनशेहूनही कमी, म्हणजे बहुतेकींना आयुष्यभर पुरायची आहे ती पदवीच. जाण्याचा हक्क खेळाडूच्या हाती आला, हे न्याय्यच झाले. तिला बोलावून घेणाऱ्या विद्यापीठाने तिची पदवी पूर्ण करण्याची जबाबदारीही तेवढ्याच हौसेने उचलली पाहिजे.