सप्रेसरच्या रायफलीतील उलटा वायू आणि काजळी

रायफलीच्या तोंडाशी सप्रेसर, म्हणजे बोलण्यातला सायलेन्सर, बसवला की गोळीमागचा तप्त वायू एरवीसारखा क्षणात मोकळ्या हवेत जात नाही. तो नळीत कोंडून राहतो आणि नळीचे मागचे टोक बंद ठेवणारा बोल्ट उघडताच त्याचा एक भाग मागे फिरून नेमबाजाच्या चेहऱ्यावर येतो. हाच उलटा वायू. त्याच्यासोबत काजळी, धातूची भुकटी आणि अर्धवट जळलेल्या दारूचे कण येतात आणि रायफलीच्या यंत्रणेत साचतात. या दोन्हींकडे बहुधा साफसफाईचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. मुळात तो वेळेचा प्रश्न आहे. बोल्ट किती लवकर उघडतो आणि त्या क्षणी नळीत किती दाब शिल्लक असतो, यावर बाकी सगळे ठरते.

सप्रेसर जन्मला तेव्हा हा त्रास जवळपास नव्हताच. मशीनगनचे जनक हायरम मॅक्झिम यांचे चिरंजीव हायरम पर्सी मॅक्झिम यांना १९०९ मध्ये अमेरिकेत सायलेन्सरचे पेटंट मिळाले. त्या काळच्या शिकारी रायफलींत दर गोळीनंतर बोल्ट किंवा लिव्हर हाताने चालवावा लागे. थिओडोर रूझवेल्ट यांनी मॅक्झिमचा सायलेन्सर लावलेली विंचेस्टर १८९४ ही रायफलही लिव्हरचीच. माणसाचा हात हलेपर्यंत नळीतला दाब ओसरलेला असे. पुढे १९३४ च्या ‘नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट’ने सायलेन्सरवर नोंदणी आणि २०० डॉलरचा कर लादला. त्या काळी ही रक्कम साध्या रायफलीच्या किमतीहून मोठी होती. सायलेन्सर कित्येक दशके दुर्मीळ राहिला आणि त्याच दशकांत आपोआप भरणाऱ्या रायफली त्याचा विचार न करता घडत गेल्या. आजच्या तक्रारींचे मूळ तिथे आहे.

या तक्रारी सर्वांत जास्त ऐकू येतात त्या एआर-१५ घराण्याबद्दल, म्हणजे एम-१६, एम-४ आणि त्यांच्या नागरी आवृत्त्यांबद्दल. युजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत असताना १९५६ मध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. नळीला वरच्या बाजूला एक बारीक छिद्र असते, त्याला गॅस पोर्ट म्हणतात. गोळी ते ओलांडून पुढे गेली की थोडा वायू त्यातून वर येतो आणि एका बारीक नळीतून मागे थेट बोल्ट कॅरिअरमध्ये, म्हणजे बोल्ट धरून मागेपुढे सरकणाऱ्या भागात, शिरतो. तिथल्या पोकळीत तो पसरतो, कॅरिअर मागे ढकलला जातो, बोल्ट फिरून सुटतो आणि काम संपलेला वायू कॅरिअरच्या उजव्या अंगाच्या दोन छिद्रांतून बाहेर पडतो. वेगळा पिस्टन नसल्याने रायफल हलकी होते आणि नेमही चांगला राहतो. रचना देखणी आहे, पण तिचे सगळे गणित एका गृहीतावर उभे आहे: गोळी नळीबाहेर पडली की दाब तत्काळ कोसळतो.

सप्रेसर नेमके हेच गृहीत मोडतो. त्याच्या आतल्या पडद्यांमुळे वायूला बाहेर पडायला वेळ लागतो, दाब टिकून राहतो आणि गॅस पोर्टमधून ठरल्यापेक्षा जास्त वायू मागे जातो. कॅरिअर जोरात हलतो, बोल्ट लवकर सुटतो आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, उघडते तेव्हा नळीत बराच दाब उरलेला असतो. प्रेशर कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण काढावे, तसा हा प्रकार. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. तोंडावर येणारा वायू बहुतांशी गॅसच्या बारीक नळीतून येत नाही, तो उघड्या चेंबरमधून, गोळीच्याच वाटेने उलटा येतो. म्हणून पिस्टनची रायफल घेतली की प्रश्न मिटला, ही समजूत अर्धीच खरी आहे. एचके ४१६ सारख्या शॉर्ट-स्ट्रोक पिस्टनच्या रायफलीत गॅस पोर्टवर बसवलेल्या गॅस ब्लॉकमधला वायू पुढेच सोडला जातो आणि बोल्ट तुलनेने स्वच्छ राहतो. चेंबरमधून येणारा झोत मात्र तिथेही असतो.

नळी आखूड केल्याने दुखणे आणखी वाढले. मूळ एम-१६ ची नळी २० इंचांची, एम-४ ची साडेचौदा इंचांची. एम-४ मध्ये गॅस पोर्ट चेंबरपासून साधारण सात इंचांवर आला. तिथे दाब मूळ जागेपेक्षा कितीतरी जास्त असतो. भरीला, स्वस्त आणि कमजोर काडतुसांवरही रायफल अडू नये म्हणून अनेक उत्पादक हे छिद्र गरजेपेक्षा मोठे ठेवतात. हजारो गोळ्या झाडल्यावर ते झिजून आणखी मोठे होते. अशी रायफल सप्रेसर नसतानाच जास्त वायू खात असते. सप्रेसर लावल्यावर ते लपत नाही, इतकेच.

लक्षणे हाताला आणि डोळ्यांना कळतात. रिकामे काडतूस नेहमी उजवीकडे किंचित मागे पडायचे, ते पुढच्या दिशेला फेकले जाऊ लागते. त्याच्या बुडावर इजेक्टरने घासल्याची पितळी चकाकी दिसते, कधी एक्स्ट्रॅक्टरने कड वाकवलेली असते. कॅरिअर इतक्या वेगाने परततो की मॅगझीनची स्प्रिंग पुढचे काडतूस वर आणायच्या आत बोल्ट त्याच्यावरून निघून जातो आणि रायफल अडते. स्वयंचलित माऱ्याचा वेग वाढतो. नेमबाजाच्या कानाशी येणारा आवाजही वाढतो, कारण उघड्या इजेक्शन पोर्टमधून निसटणारा दाब कानापासून वीतभर अंतरावर असतो. सप्रेसरची तुलना करताना फक्त नळीच्या तोंडाशी मोजलेले डेसिबल पाहणे म्हणूनच अपुरे ठरते. खांद्याला रायफल लावलेल्या माणसाचा कान तिथे नसतो.

काजळीने काय होऊ शकते, याचा कडू धडा अमेरिकी सैन्याने सप्रेसरविनाच व्हिएतनाममध्ये घेतला. एम-१६ च्या काडतुसातली दारू बदलून गोल दाण्यांची बॉल पावडर वापरली गेली. तिच्यामुळे माऱ्याचा वेग वाढला आणि अवशेषही जास्त राहू लागले. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, सफाईचे साहित्य पुरेसे पोचले नव्हते आणि या रायफलीला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरलेला होता. ऐन लढाईत रायफली अडल्या, माणसे गेली. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीने चौकशी करून सैन्यावर कठोर ठपका ठेवला. त्यानंतर चेंबरला क्रोम आले, सफाईचे संच आले आणि १९६८ मध्ये चित्रकार विल आइसनर यांनी काढलेली सचित्र पुस्तिका जवानांच्या हाती पडली. सप्रेसर ही काजळी आणखी वाढवतो: तो लावलेली रायफल काही मॅगझिन्समध्येच एरवी कित्येक पटींनी जास्त गोळ्या झाडल्यावर होईल इतकी काळी होते. मॅगझीनमध्ये वाट पाहत असलेली काडतुसेसुद्धा काजळतात.

आरोग्याचा मुद्दा बराच काळ मागे राहिला, आणि तो पुढे यायला हवा. झोतात कार्बन मोनॉक्साइड आणि अमोनिया असतो, प्रायमरमधले शिसे असते, गोळीच्या आवरणातले तांबे असते. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, जिभेवर धातूची चव राहते. इजेक्शन पोर्ट उजवीकडे असल्याने डावखुऱ्या नेमबाजाच्या थेट नाकासमोर झोत येतो. शिसे काढून टाकले की धूर निरुपद्रवी होतो, असेही नाही. नॉर्वेच्या सैन्यात शिसेविरहित काडतुसे आल्यावर जवानांनी ताप, थंडी आणि खोकल्याच्या तक्रारी केल्या. तिथल्या संरक्षण संशोधन संस्थेने स्वयंसेवकांवर चाचण्या घेतल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गोळीबारानंतर फुप्फुसांची क्षमता काही काळ घटलेली आढळली. तो नेहमीच्या गोळीबाराच्या धुराचा अभ्यास होता. सप्रेसर हाच धूर नाकाजवळ आणतो.

इलाजांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी वायू कमी करायचा, मग बोल्टची चाल धिमी करायची, मग फटी बुजवायच्या. सफाई सगळ्यांत शेवटी. बरेच जण शेवटून सुरुवात करतात आणि दर आठवड्याला घासत बसतात.

वायू कमी करायचा सरळ मार्ग म्हणजे कमी-जास्त करता येणारा गॅस ब्लॉक. एफएन स्कारच्या रेग्युलेटरमध्ये सप्रेसरसाठी वेगळी खूण आहे. एचके ४१६ ए५ मध्येही अवजाराशिवाय फिरवता येणारा रेग्युलेटर आला. एआर-१५ वर तो वेगळा बसवावा लागतो. जुळवणीची रूढ पद्धत अशी: सप्रेसर लावून मॅगझीनमध्ये एकच काडतूस भरायचे, गोळी झाडायची आणि बोल्ट मागे अडकून राहतो का ते पाहायचे. वायू पूर्ण कमी करून एकेक टिचकीने वाढवत जायचे. बोल्ट खात्रीने अडकू लागला की थंडी, मळ आणि कमजोर काडतुसांसाठी आणखी थोडी मोकळीक ठेवायची. या खुणेवर सप्रेसर काढला तर रायफल कदाचित चालणार नाही, हे वापरणाऱ्याला माहीत हवे. काही ब्लॉक वायू अडवण्याऐवजी जादा वायू पुढच्या बाजूला सोडून देतात, त्यामुळे त्यांचा स्क्रू काजळीने जाम होण्याचा धोका कमी असतो. संरक्षणाच्या कामासाठी रायफल बाळगणारे अनेक जाणकार हलता भागच नको म्हणून योग्य मापाचे स्थिर छिद्र आणि लांब गॅस नळी पसंत करतात. हा निर्णय पटण्यासारखा आहे.

चाल धिमी करायला वजन लागते. एम-४ च्या दस्त्यातल्या नळीत कॅरिअरमागे बफर असतो. साधा बफर सुमारे ८५ ग्रॅमचा, तर टंगस्टन भरलेला एच-३ दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो. वजन वाढले की बोल्ट सुटायला काही क्षणांश उशीर होतो, आणि इथे क्षणांशच मोलाचे आहेत. मात्र जड बफर हा मोठ्या छिद्रावरचा उपाय नव्हे. तो आघात पेलतो, वायू कमी करत नाही. बोल्ट उशिरा सुटावा म्हणून कॅरिअरमधली खाच लांबवलेले कॅरिअरही मिळतात.

फटींमध्ये सर्वांत बदनाम आहे ती बोल्ट हाताने मागे ओढायच्या चार्जिंग हँडलची. ती नेमक्या गालाच्या रेषेत, रिसीव्हरच्या मागच्या टोकाला असते. कड उंचावलेली ‘गॅस बस्टर’ हँडले किंवा वायूला बाजूला वाट देणारी छिद्रांची हँडले झोत डोळ्यांपासून वळवतात. हँडलच्या कडेला उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनची बारीक रेघ ओढून ती वाळू द्यायची, हा नेमबाजांचा जुना घरगुती उपाय अजून चालतो. त्याने चेहरा वाचतो. रायफलीत येणारा वायू तेवढाच राहतो.

अलीकडे बदल घडतो आहे तो सप्रेसरमध्येच. जुन्या रचनेत पडद्यांमागून पडदे वायूला अडवत. नव्या ‘फ्लो-थ्रू’ रचनांत वायू वळणावळणाच्या वाटांनी पुढेच काढला जातो. धातूच्या भुकटीवर लेझर चालवून थर चढवणाऱ्या थ्रीडी छपाईने अशा वाटा इनकोनेल आणि टायटॅनियममध्ये घडवणे शक्य झाले. याची किंमतही असते: तोंडाशी ज्वाळा जास्त दिसू शकते, आवाज थोडा जास्त निघू शकतो. अमेरिकी मरीन कोअरने २०२० च्या अखेरीस पायदळाला सरसकट सप्रेसर द्यायला सुरुवात केली आणि सुमारे ३०,००० नगांचे लक्ष्य ठेवले. गोंगाटात हुकूम ऐकू यावा, हे त्यामागचे मोठे कारण. २०२२ मध्ये अमेरिकी लष्कराने सिग साउअरची ६.८ मिलिमीटरची रायफल निवडली ती सप्रेसरसकट, आणि तो सप्रेसर विषारी धूर मागे येऊ न देण्याचा हेतू ठेवून घडवलेला होता. पहिल्यापासून हा विचार केलेली सैनिकी रायफल ही मोठी गोष्ट आहे. तिकडे नागरिकांसाठीचा तो जुना २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, नोंदणी तेवढी राहिली.

भारतात खासगी परवानाधारकाला हा प्रश्न पडत नाही. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी साधने प्रतिबंधित वर्गात मोडतात. मात्र रायफलीतून तोंडावर काहीतरी उडण्याचा अनुभव इथल्या जवानांना नवा नाही. पुण्याच्या एआरडीई या संस्थेने आखलेल्या इन्सास रायफलीतून डोळ्यांत तेल उडत असल्याच्या तक्रारी कारगिलच्या काळापासून नोंदल्या गेल्या. त्यात सप्रेसरचा संबंध नव्हता.

उरते ती सफाई. सप्रेसरच्या रायफलीला कोरडे ठेवणे ही चूक आहे. बोल्टच्या कडा आणि कॅरिअरच्या घासणाऱ्या बाजू तेलाने ओल्या असल्या की काजळी चिखलासारखी मऊ राहते आणि रायफल चालत राहते. बोल्टच्या शेपटीवर जमणारा कडक थर खरवडून आरशासारखा करण्याचा अट्टहास नको. बोल्टच्या रिंगा, एक्स्ट्रॅक्टरची नखी आणि चेंबर यांच्याकडे लक्ष हवे. गॅसची बारीक नळी वायूच्या दाबाने स्वतःच मोकळी राहते, तिच्यात तारा खुपसल्याने फायद्यापेक्षा नुकसान जास्त होते. सप्रेसर आणि नळीवरची त्याची बैठक यांच्यात काजळी जमून दोन्ही एकमेकांना चिकटतात, म्हणून दर वेळी तो काढून बैठक पुसावी. परत बसवताना तो पूर्ण घट्ट आणि सरळ बसला आहे की नाही हे पाहावे. ढिला सप्रेसर गोळीच्या वाटेत येऊ शकतो आणि फुटू शकतो.

.२२ च्या सप्रेसरचे वेगळे. मोठ्या काडतुसांच्या सप्रेसरमध्ये दाब आणि उष्णता बरीच घाण उडवून लावतात. .२२ ची उघड्या शिशाची गोळी मात्र आत शिशाचे थर चढवत जाते, म्हणून हे सप्रेसर बहुधा उघडून साफ करण्याजोगे बनवतात. काही जण व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात आतले भाग बुडवतात. शिसे विरघळते खरे, पण त्यातून लेड ॲसिटेट तयार होते. ते कातडीतून शरीरात शिरू शकते आणि मोरीत ओतायच्या लायकीचे नसते. ॲल्युमिनियमचे भाग तर त्या मिश्रणात खाल्ले जातात. हातमोजे, उघडी हवा आणि काम झाल्यावर साबणाने धुतलेले हात, एवढे पथ्य प्रत्येक सफाईला लागू आहे.