टिंबाचं कूळ, कात्यायनाची यादी

गोपुरीच्या गीताई मंदिराला छत नाही. विनोबांनी 1930-31 साली वर्ध्यात रचलेल्या गीताईचे श्लोक तिथे शिळांवर कोरले आहेत. दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा हवा, तर आधी अध्याय गाठायचा, मग श्लोक. कागदावर आपण 2.47 लिहितो. मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये तोच पत्ता 'अध्याय.1.श्लोक.46' असा होईल. तो शून्यापासून मोजतो, एवढंच.

टिंबाचा जवळचा वंश सरळ आहे: सी, जावास्क्रिप्ट, मग 2009चा मोंगो. कुणी बायबलकडे बोट दाखवतात. तिथले अध्याय तेराव्या शतकातले. मला टिंबापेक्षा प्रश्नात रस आहे. एकात एक ठेवलेल्या मजकुराला खरा अडचणीचा प्रश्न आधी कुणी विचारला? माझं उत्तर: कात्यायनाने.

त्याच्या नावावरची सर्वानुक्रमणी ऋग्वेदातल्या सूक्तांचे ऋषी, देवता, छंद नोंदवते. आता पहिल्या मंडलातलं तेविसावं सूक्त घ्या. सुरुवात वायूची, 13 ते 15 या ऋचा पूषनच्या, गायत्रीतल्या, अनुष्टुभ येतो तो विसाव्या ऋचेपासून. 'देवता पूषन आणि छंद अनुष्टुभ' अशा दोन सुट्या अटी मोंगोला दिल्या, तर हे सूक्त हमखास हाती येतं. दोन्ही गोष्टी त्याच्या पोटात आहेत, पण एका ऋचेत नाहीत! म्हणून मोंगोचं एलेममॅच लागतं: दोन्ही अटी एकाच घटकाला लागू. अनुक्रमणी ऋचांच्या क्रमांकापर्यंत उतरते ती याच घोटाळ्यापायी, असं मी छातीठोक म्हणतो.

यावर वैदिक मंडळी म्हणतील, हेतू कर्माचा होता. ऋषी, देवता, छंद न जाणता मंत्र म्हणणं निष्फळ. कबूल. पण पूषनच्या आहुतीला भलतीच ऋचा येणं म्हणजे चुकलेली क्वेरीच की.

आणखी गंमत पुढे आहे. नासदीय सूक्ताचे पत्ते दोन: मंडलांच्या हिशेबात 10.129, अष्टकांच्या हिशेबात 8.7.17. मजकूर एक, घरटी दोन. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतची मंडलं ऋषिकुळांची आहेत. अष्टकं मात्र आठ, प्रत्येकात आठ अध्याय, आणि त्यांतले वर्ग साधारण पाच-पाच ऋचांचे. आधीची मांडणी कुळांची, असं मला वाटतं. अष्टकं नंतर पाठशाळेने पाडली असणार. तिथे गृत्समदाच्या कुळाचं काय आहे हे कुणी विचारत नाही, आजचा धडा कुठवर, एवढंच विचारतात.