बर्फात अडकलेला मंत्री

बँकेच्या संगणक विभागात उभं आयुष्य घालवलेला माणूस मंत्री झाला तर? मी त्याच धंद्यातला, त्यामुळे स्टुअर्ट स्टीव्हन्सन यांच्याबद्दल वाचताना सारखं वाटत होतं, की हा तर आपल्यातलाच.

ॲबर्डीनला गणित शिकून ते बँक ऑफ स्कॉटलंडच्या संगणक विभागात जवळजवळ तीस वर्षं होते. स्कॉटिश नॅशनल पार्टीचे सभासद मात्र १९६१ पासून, म्हणजे शाळकरी वयापासून! २००१ मध्ये ॲलेक्स सामंड यांनी सोडलेली बॅन्फ अँड बखनची जागा पोटनिवडणुकीत जिंकून ते स्कॉटिश संसदेत आले. २००७ मध्ये पक्षाची सत्ता आली आणि त्यांना वाहतूक व हवामानबदल खातं मिळालं. २००९ चा हवामान कायदा त्यांच्याच काळातला. २०२० पर्यंत उत्सर्जनात ४२ टक्के कपात, आणि तोही एकमताने मंजूर.

मग ६ डिसेंबर २०१० उजाडला. प्रचंड बर्फ पडला. ग्लासगो-एडिंबरा मार्गावर, एम-८ वर, शेकडो लोक रात्रभर गाड्यांत कुडकुडले. आणि मंत्रिमहाशय टीव्हीवर यंत्रणेची तारीफ करत होते. पाच दिवसांत राजीनामा.

मला हसू नाही आलं. काउंटरवर रांग खोळंबलेली असताना "सिस्टीम व्यवस्थित आहे" असं मीही साहेबांना छातीठोकपणे सांगितलंय. माझ्या पडद्यावर सगळं हिरवंच दिसत होतं ना! माझी नोकरी मात्र शाबूत राहिली.

२०११ मध्ये ते पर्यावरणमंत्री म्हणून परतले. आमदारकी २०२१ पर्यंत चालली. वाहतूक खातं काही पुन्हा मिळालं नाही.