पिंजऱ्यातली आई : कुळगाव परिसरातील बजरीगर-पालनाचा पूर्वेतिहास

उल्हास नदीच्या खोऱ्यातील कुळगाव, बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या जवळजवळ सलग झालेल्या वस्तीत गॅलरीच्या ग्रिलला टांगलेला तारेचा पिंजरा आणि त्यात बाजूला भोक पाडलेले मातीचे मडके हे नित्याचे दृश्य असले, तरी घरात पक्षी पाळण्याच्या महाराष्ट्रातील जुन्या प्रथेशी ताडून पाहता या मडक्याने त्या प्रथेचे स्वरूपच बदलून टाकल्याचे लक्षात येते. जुन्या पिंजऱ्यात माणसाने आईपासून तोडून आणलेले पिल्लू असे, तर या पिंजऱ्यात पिल्लू आईच्या पोटाखाली अंड्यातून बाहेर येते, तिच्या चोचीतून भरवले जाते आणि तिच्या समोरच उडायला शिकते. मराठी घराला पक्ष्याचे मातृत्व आपल्या भिंतींच्या आत पाहायला मिळाले ते मुख्यतः बजरीगर या छोट्या परदेशी पोपटामुळे, आणि म्हणून त्याचा इतिहास केवळ एका छंदाचा इतिहास ठरत नाही.

पोपट पाळण्याची परंपरा या देशात अतिशय जुनी आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत शुकसारिकाप्रलापन, म्हणजे पोपट आणि मैना यांना बोलायला शिकवण्याची कला, गणलेली आहे. मंदिरांच्या बाह्यभिंतींवरील सुरसुंदरींच्या प्रकारांत हातावर पोपट घेतलेली शुकसारिका हा एक मान्य प्रकार आहे. आणि पोपटाने रात्रीमागून रात्री सांगितलेल्या गोष्टींचा शुकसप्तती हा संस्कृत कथासंग्रह शुकबहात्तरी या नावाने जुन्या मराठी गद्यातही उतरला. कुळगावपासून जवळच असलेले अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळात, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० च्या सुमारास पूर्ण झाले, तेव्हा पाळीव पोपट साहित्यात आणि समाजात पुरता रुळलेला होता. पुढे वाड्यांच्या पडवीत आणि चाळींच्या गॅलरीत हाच पक्षी राघू, मिठू किंवा विठू या नावांनी नांदला, त्याला देवाचे नाव घ्यायला शिकवले गेले, आणि रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या ज्योतिष्याच्या पेटीतून चिठ्ठी उचलून भविष्य सांगण्याचे कामही त्याच्याच चोचीवर सोपवले गेले.

या जिव्हाळ्याच्या मागे मात्र एक कठोर व्यवहार होता. आपल्याकडचा सामान्य पोपट, ज्याच्या नराच्या गळ्याभोवती गुलाबी-काळी कंठी असते, झाडाच्या ढोलीत साधारण हिवाळा सरता सरता आणि उन्हाळ्याच्या आरंभी अंडी घालतो, आणि तो पिंजऱ्यात सहजासहजी वीण घालत नसल्याने पिंजरा भरण्याचा मार्ग एकच उरत असे : ढोलीत हात घालून डोळे नुकतेच उघडलेली, पिसे पुरती न फुटलेली पिल्ले काढणे. मोठा पकडलेला पोपट माणसाळत नाही आणि बोलतही नाही, हे पारध्यांना व विक्रेत्यांना ठाऊक असल्यामुळे मागणी कोवळ्या पिल्लांनाच असे. त्यांना भिजवलेली हरभऱ्याची डाळ किंवा पिठाच्या गोळ्या बोटाने भरवल्या जात, आणि त्यांतली अनेक पिल्ले विकली जाण्यापूर्वीच मरत. ज्या समाजाने या पक्ष्याला विठ्ठलाचे नाव दिले, त्याच समाजाने त्याच्या आईचा विचार जवळजवळ केलाच नाही, ही या परंपरेतील खरी उणीव होय.

मुंबईसारख्या बंदराच्या शहरात या व्यवहाराला बाजारपेठेचे रूप आले. विल्यम इमर्सन याने आराखडा केलेली आणि १८६९ मध्ये पूर्ण झालेली क्रॉफर्ड मार्केटची इमारत, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, फळे-भाज्यांबरोबरच पिंजऱ्यातील पक्ष्यांसाठीही प्रसिद्ध झाली, आणि देशी पोपट, मुनिया, मैना यांच्या शेजारी परदेशी पक्षी विकत घेण्याचे ते मुंबई प्रांतातील ओळखीचे ठिकाण बनले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला आणि १९९१ च्या सुधारणेनंतर देशी जंगली पक्ष्यांच्या व्यापाराची दारे कायद्याने बंद झाली. २०२२ च्या सुधारणेनुसार, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आपला कंठीवाला पोपट या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. परिणामी देशी पोपट बाळगणे हाच गुन्हा ठरला, रस्त्यावरचे पोपटवाले ज्योतिषी विरळ झाले, आणि रिकाम्या राहिलेल्या पिंजऱ्यांची जागा ज्या पक्ष्याने घेतली तो ऑस्ट्रेलियातून युरोपमार्गे जगभर पसरलेला बजरीगर होता. भारतातील बाजारात त्याला सर्रास लव्हबर्ड म्हटले जाते, वास्तविक त्या नावाचे पोपट आफ्रिकेतले आणि वेगळ्या प्रजातीचे आहेत.

बजरीगराचे शास्त्रीय वर्णन जॉर्ज शॉ याने १८०५ मध्ये प्रसिद्ध केले, परंतु जिवंत पक्षी इंग्लंडमध्ये पोहोचला तो १८४० मध्ये, जेव्हा ऑस्ट्रेलियातील पक्ष्यांचा अभ्यास करून परतलेला जॉन गूल्ड काही पक्षी सोबत घेऊन आला. त्यानेच या पक्ष्यासाठी मेलोप्सिटॅकस ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. पुढील दशकांत रानातून पकडलेले बजरीगर जहाजांनी मोठ्या संख्येने युरोपात गेले, आणि तेथे एक अनपेक्षित गोष्ट लक्षात आली : हा पक्षी बंदिवासातही विनासायास अंडी घालतो. याचे कारण त्याच्या मायदेशाच्या हवामानात आहे. ऑस्ट्रेलियाच्या शुष्क अंतर्भागात पावसाचा नेम नसतो. बजरीगरांचे थवे पाण्याच्या आणि गवताच्या बियांच्या शोधात भटकत राहतात, आणि जेथे पाऊस पडून बी भरपूर होते तेथे ऋतूची वाट न पाहता निलगिरीच्या झाडांच्या ढोल्यांत वीण सुरू करतात. भरपूर धान्य, जोडीदार आणि अंधारी पोकळी एवढ्या तीन गोष्टी मिळाल्या की माद्या अंडी घालू लागतात, मग ती पोकळी झाडाची असो वा कुंभाराच्या मडक्याची.

या एका स्वभावामुळे बजरीगर रानावर अवलंबून राहिला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेल्जियम, जर्मनी आणि फ्रान्स येथे त्याची पैदास व्यवसाय म्हणून होऊ लागली, आणि तेथेच मूळच्या हिरव्या रंगाऐवजी पिवळे व निळे पक्षी उपजले. निळा बजरीगर बेल्जियममध्ये १८८० च्या आसपास दिसला आणि १९१० मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडला गेला. १९२५ मध्ये इंग्लंडमध्ये बजरीगर-पालकांची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. रंगांच्या या खेळामागील गणित असे की पक्ष्याचा हिरवा रंग हा पिसांतील पिवळे रंगद्रव्य आणि पिसांच्या सूक्ष्म रचनेतून परावर्तित होणारा निळा प्रकाश यांच्या मिश्रणातून निर्माण होतो. पिवळे द्रव्य नष्ट झाले तर पक्षी निळा दिसतो, काळे द्रव्य नष्ट झाले तर पिवळा, आणि दोन्ही गेली तर पांढरा. त्या पिवळ्या द्रव्याला कारणीभूत असलेला जनुक २०१७ मध्ये संशोधकांनी ओळखला. कुळगावच्या गॅलरीत हिरव्या, निळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या पक्ष्यांचा जो मेळ दिसतो, तो या दीड शतकाच्या निवडीचा वारसा आहे.

बजरीगर येथे रुजण्याला गावाच्या बदललेल्या रूपाचाही हातभार लागला. कल्याणहून पळसधरीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाल्यावरही कुळगाव बराच काळ शेतीचे गाव राहिले, आणि त्याच्या पलीकडे १९४९ मध्ये सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उल्हासनगर उभे राहिले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण महानगरपालिकेतून हा भाग वेगळा होऊन कुळगाव-बदलापूर नगरपरिषद अस्तित्वात आली, मुंबईत घर घेणे न परवडलेली कुटुंबे येथे येत राहिली, आणि २०११ च्या जनगणनेत नगरपरिषदेची लोकसंख्या १,७४,२२६ नोंदली गेली. वाड्याची पडवी किंवा अंगणातले झाड ज्यांच्या वाट्याला आले नाही, पहाटेच्या लोकलने जाऊन रात्री परतणे ज्यांना भाग आहे, त्यांच्या छोट्या सदनिकेत कुत्र्यापेक्षा किंवा मांजरापेक्षा मूठभर राळ्यावर राहणारी आणि दिवसभर आपसात बोलत राहणारी पक्ष्यांची जोडी अधिक सहज सामावली जाते. राळे, ज्याला दुकानदार कांग किंवा कांगणी म्हणतात, बाजरी, थोडी कोथिंबीर किंवा शेवग्याचा पाला, आणि चुन्याच्या पुरवठ्यासाठी समुद्रफेस म्हणजे माकूल या सागरी जिवाचे पाठीचे कवच, एवढा हा संसार असतो.

मडक्यातील जीवनक्रम पाहण्यासारखा आहे. नाकपुड्यांभोवतीची मांसल पट्टी प्रौढ नरात सामान्यतः निळी, तर विणीला आलेल्या मादीत तपकिरी होते, आणि याच खुणेवरून जोडी लावली जाते. मादी साधारणपणे दिवसाआड एक याप्रमाणे चार ते सहा अंडी घालते आणि अठरा दिवसांच्या आसपास एकटीच ती उबवते. या काळात ती फारशी बाहेर येत नाही आणि नर मडक्याच्या भोकाशी येऊन तिला चोचीतून भरवतो. अंडी एकाच दिवशी घातलेली नसल्याने पिल्लेही एकाच दिवशी निघत नाहीत, त्यामुळे एकाच मडक्यात नुकते जन्मलेले, आंधळे आणि उघडे पिल्लू व आठ-दहा दिवसांचे, डोळे उघडू लागलेले त्याचे मोठे भावंड शेजारी शेजारी असतात. अशा कुटुंबात सर्वांत धाकट्याची उपासमार व्हावी असे वाटते, परंतु मादी धाकट्यांकडे प्रथम लक्ष देते आणि त्यांना पातळ, अर्धपचलेले अन्न भरवते, तर थोरल्यांना भरडसर दाणे मिळतात, असे निरीक्षण आहे. कोणत्याही माणसाच्या हातातली भरवण्याची पिचकारी इतका बारीक भेद करू शकत नाही.

साधारण तीस ते पस्तीस दिवसांची झाली की पिल्ले मडक्याबाहेर येतात, परंतु बाहेर येणे म्हणजे स्वावलंबी होणे नव्हे, आणि येथेच जुन्या प्रथेची सवय नव्या पिंजऱ्यात डोकावते. पिल्लू लवकर उचलले तर ते माणसाळते, या पोपटपालनातून आलेल्या समजुतीमुळे अनेक विक्रेते आणि हौशी पालक तीन-चार आठवड्यांचीच पिल्ले आईपासून दूर करतात, आणि कच्च्या वयात भरवण्याची जबाबदारी अननुभवी हातांवर येते. अन्न फार गरम असल्यास घशाखालील अन्नपिशवी, म्हणजे दाणा साठवून मऊ करण्याची पिशवी, भाजते. थंड असल्यास ते तसेच पडून आंबते. आणि घाईने भरवल्यास ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावते. बाहेर आलेल्या पिल्लांना पुढील काही दिवस मुख्यतः बापच भरवतो, कारण मादी बहुधा पुढच्या अंड्यांच्या तयारीला लागलेली असते. म्हणून आईबरोबर वाढवणे याचा खरा अर्थ आई आणि बाप या दोघांबरोबर वाढवणे असा घ्यायला हवा. माणसाळण्यासाठी पिल्लू आईपासून तोडावे लागत नाही. ते मडक्यात असतानाच दिवसातून थोडा वेळ स्वच्छ, कोमट हातात धरून परत ठेवल्यास ते हाताला सरावते आणि सरावलेली मादी त्याला नाकारत नाही.

कुळगावच्या हवामानाने या संगोपनावर स्वतःच्या अटी लादल्या आहेत. समुद्रापासून दूर आणि डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या या भागात उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, आणि पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या उन्हातल्या पिंजऱ्यात मडके भट्टीसारखे तापून पिल्ले गुदमरतात. पावसाळ्यात उलट दमट हवेने दाण्याला बुरशी लागते, जी पक्ष्याच्या यकृताला घातक ठरते. कोरड्या प्रदेशातून आलेल्या पक्ष्याला कोकणच्या पावसाशी जमवून घ्यायला लावताना दाणा रोज पाखडून आणि कोरडा ठेवणे एवढी तरी काळजी पालकाने घेतली पाहिजे. गुळगुळीत तळाच्या मडक्यात पिल्लांचे पाय दोन बाजूंना पसरून कायमचे अधू होतात, म्हणून तळाला लाकडाचा जाडसर भुसा घालतात, आणि तो ओला झाला की बदलतात.

कायद्याच्या दृष्टीने बजरीगर निर्वेध आहे. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या याद्यांतून तो वगळलेला आहे आणि तो देशी रानातला नसल्याने वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येत नाही. मात्र दुकानदारांना २०१८ चे पाळीव प्राणी दुकान नियम लागू आहेत. याच मोकळीकीमुळे त्याची पैदास बेसुमार होते, आणि मडके कायम टांगलेले राहिल्याने माद्या एकामागून एक वीण घालत शरीरातील चुना गमावतात व अंडे अडकून मरतात. कंटाळून ज्यांना ग्रिलबाहेर सोडले जाते, त्या पक्ष्यांना येथे अन्न शोधता येत नाही आणि कावळे-घारींपासून बचावता येत नाही, त्यामुळे ती मुक्तता नसून मृत्युदंडच असतो. ज्यांच्या घरी ही जोडी आहे त्यांनी वर्षातून दोनपेक्षा अधिक विणी घेऊ नयेत, मडके त्यानंतर उतरवून ठेवावे, आणि पिल्ले स्वतः दाणा फोडून खाऊ लागेपर्यंत, म्हणजे किमान सहा आठवडे, त्यांना आईबापांपासून वेगळे करू नये.